सेवेचं घर कंपाउंडच्या बाहेर हवं

नागपुरातल्या जुन्या ख्रिस्ती मंडळ्यांकडे, म्हणजे चर्चकडे, जागेची कमतरता नाही. सदर, सिव्हिल लाइन्स, सीताबर्डी या भागांत मिशनच्या काळातले कौलारू बंगले अजून उभे आहेत. भोवती चिंच, कडुनिंब, मोठं आवार, लोखंडी फाटक, आणि आत राहायला कोणी नाही. या बंगल्याचं काय करायचं, हा विषय कुठल्या ना कुठल्या मंडळीच्या कमिटीत दरवर्षी निघतोच. कोणी म्हणतं लग्नाच्या लॉनला द्या, कोणी म्हणतं नीट-जेईईच्या क्लासला द्या, भाडं वेळेवर येईल. आता तरुण संघांतून तिसरी मागणी पुढे येते आहे. शिक्षण संपवलेल्या सहा-आठ मुलामुलींना वर्षभर एकत्र राहून शहरात पूर्णवेळ सेवा करायची आहे. मंडळीनं त्यांचा खर्च उचलावा आणि राहायला तो बंगला द्यावा.

मागणी मला मनापासून पटते, जागा पटत नाही. बंगला खुशाल भाड्यानं द्यावा आणि त्या भाड्यातून या पोरांसाठी इमामवाडा, जाटतरोडी किंवा रामबाग अशा एखाद्या वस्तीत दोन-तीन खोल्यांचं घर घ्यावं. माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून झाली आणि मंडळीच्या कमिटीतही मी बरीच वर्षं बसते आहे. दोन्हीकडचं पाहून माझं हे मत झालं. ते मंडळीच्या मासिक सभेत न ठेवता इथे मांडते, कारण हा प्रश्न फक्त ख्रिस्ती लोकांचा नाही. एखादी धर्मसंस्था शहरात पूर्णवेळ माणसं उतरवणार असेल, तर ती कुठे राहतील, कोणाच्या पैशावर राहतील आणि कोणत्या गोष्टी करणार नाहीत, हे विचारायचा हक्क सगळ्या शहराला आहे.

कल्पना जुनी आहे, आणि तिचा जन्म युद्धाच्या काळात झाला. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र उचलायला नकार देणाऱ्या सुमारे 12,000 अमेरिकन तरुणांना 1941 ते 1947 या काळात नागरी सेवेच्या छावण्यांत पाठवलं गेलं. छावण्या मेनोनाइट, ब्रदरन आणि क्वेकर या शांततावादी मंडळ्यांनी चालवल्या. पगार नव्हता. त्यांच्यातले काही हजार तरुण सरकारी मनोरुग्णालयांत वॉर्डबॉयचं काम करत होते. तिथली मारहाण, उपासमार, नागवी माणसं कोंडलेल्या खोल्या त्यांनी रोजच्या रोज लिहून ठेवल्या, आणि 1946 मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकानं त्या नोंदींच्या आधारे सगळं छापलं तेव्हा देश हादरला. नोकरीवर पोट असलेल्या कर्मचाऱ्यानं हे लिहिलं नसतं. रात्री एकत्र बसून पाहिलेलं बोलणाऱ्या, नोकरी जायची भीती नसलेल्या पोरांनी लिहिलं.

त्या अनुभवातून मेनोनाइटांची ऐच्छिक सेवा 1944 मध्ये सुरू झाली आणि ब्रदरन मंडळीची 1948 मध्ये. 1956 मध्ये अलास्कातल्या एका शाळेत शिकवायला गेलेल्या तरुणांपासून जेझुइट या कॅथलिक संघाची स्वयंसेवक चळवळ उभी राहिली. तिचे चार आधार आजही तेच आहेत: आध्यात्मिक जीवन, साधी राहणी, समूहजीवन आणि सामाजिक न्याय. काही जणांनी एका घरात राहायचं, दिवसा प्रत्येकानं वेगळ्या संस्थेत काम करायचं, संध्याकाळी एका पातेल्यातलं जेवायचं. जर्मनीत 1954 मध्ये प्रोटेस्टंट मंडळीनं तरुणींना सेवेसाठी आयुष्यातलं एक वर्ष देण्याचं आवाहन केलं, आणि दहा वर्षांनी सरकारनं त्याचा कायदा केला.

हे सगळं परदेशी म्हणून झटकून टाकता येणार नाही. मेनोनाइट 1899 मध्ये धमतरीला आले तेव्हा ती मध्य प्रांतात होती आणि मध्य प्रांताचा कारभार नागपुरातून चालायचा. ब्रदरन मंडळीची भारतातली शाखा तर 29 नोव्हेंबर 1970 ला इथेच, आपल्या नागपुरात, चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाली. ज्या सहा मंडळ्या त्या दिवशी एक झाल्या त्यांतली ती एक. म्हणजे या सेवेची परंपरा आमच्या वारशात आधीपासून आहे. आम्ही इमारती सांभाळल्या आणि ती मागे राहिली.

आणि मंडळीचं राहू द्या, विदर्भाच्या मातीला सेवेसाठी एकत्र राहणं कधी नवीन होतं? 1936 पासून सेवाग्रामात देशभरातली माणसं एका रसोड्यात जेवली आणि संडास साफ करायची पाळी सगळ्यांना आली. त्याच वर्ध्यात मगनवाडीला जे. सी. कुमारप्पा राहिले, ग्रामोद्योगाचं काम करत. ते तमिळ ख्रिस्ती होते, व्यवसायानं हिशेबनीस, आणि 1934 च्या बिहार भूकंपाच्या मदतनिधीचे हिशेब त्यांनीच सांभाळले होते. पवनारला विनोबांनी 1959 मध्ये ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. तिथल्या भगिनी शेतात स्वतः राबत आल्या आहेत आणि निर्णय सर्वानुमते घेत आल्या आहेत. वरोऱ्याचं आनंदवन तर सगळ्यांना ठाऊक आहे. मराठी ख्रिस्ती परंपरेत नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. 1922 मध्ये इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांच्या पुढाकारानं ख्रिस्त सेवा संघ निघाला आणि भारतीय आणि इंग्रज माणसं एका छताखाली, एका पंगतीत राहू लागली. त्या काळात हे सोपं नव्हतं.

तरी कमिटीतले व्यवहारी लोक विचारतात, आणि ते योग्यच विचारतात, की एकत्र राहण्याचा खटाटोप कशाला? पोरांनी आपापल्या घरून सकाळी यावं, संध्याकाळी जावं. भाडं वाचेल, आईबापांची काळजी वाचेल.

याचं उत्तर मी वॉर्डात शिकले. नवीन लागलेल्या मुलींच्या हातात पहिलं मूल दगावतं, तेव्हा पुढचे चार-आठ दिवस फार महत्त्वाचे असतात. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या मुलीला रात्री कोणीतरी जेवायला ओढून नेतं, ती रडते, बाजूच्या खाटेवरची तिचं ऐकून घेते. घरी जाणाऱ्या मुलीला घरचे सांगतात, एवढं मनाला लावून घेऊ नको, सोड ती नोकरी. पुष्कळ मुली सोडतात. ज्या सोडत नाहीत त्यांच्यातल्या काही हळूहळू कोरड्या होतात, आणि तेही मी पाहिलं आहे. पूर्णवेळ सेवा म्हणजे रोज दुसऱ्याच्या दुःखाजवळ जाणं. ते एकट्यानं वर्षभर झेपत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचे वर्षाला 120 तास आणि सात दिवसांचं शिबिर यांत हा प्रश्न उभाच राहत नाही, कारण तिथे थकायच्या आत माणूस घरी पोचतो.

दुसरं कारण मला याहून मोठं वाटतं. प्रेषितांच्या कृत्यांत, दुसऱ्या अध्यायात, यरुशलेमेतले विश्वासणारे सगळं समाईक ठेवून राहत होते असं आपण वाचतो. त्यावर उपदेश ऐकतो आणि पुस्तक मिटतो. पुढे वाचलं पाहिजे. पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा जमीन विकून आलेल्या पैशातला काही भाग लपवून ठेवतात. सहाव्यात तर जेवणावरूनच तक्रार उभी राहते. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं आहे, असं त्यांचे लोक म्हणतात. प्रेषित त्यांना सबुरीचा सल्ला देऊन घरी पाठवत नाहीत. ते सात माणसं निवडायला सांगतात. निवडलेल्या सातांची नावं वाचली तर सगळी ग्रीक आहेत: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. ज्यांच्या बायकांवर अन्याय झाल्याची तक्रार होती, वाटपाचं काम त्यांच्याच माणसांकडे गेलं असं यावरून दिसतं.

इतकी शहाणी व्यवस्था मी आमच्या कुठल्याही संस्थेत पाहिलेली नाही. एकत्र राहण्याचं खरं शिक्षण मला इथे दिसतं. नागपूरच्या या घरात कोण असेल? गोंदियाकडचा एखादा मराठी मुलगा, इथेच वाढलेली मल्याळी मुलगी, जशपूरकडून शिकायला आलेला उरांव मुलगा, इंदोऱ्यातली बौद्ध मुलगी. पहिल्याच आठवड्यात सुक्या मासळीचा वास, कोणाची रविवारची सकाळ, कोणाच्या मोबाइलचा आवाज, यांवरून कुरबुर होईल. दुसऱ्या आठवड्यात लक्षात येईल की पोळ्या रोज मुलीच लाटत आहेत. आणि जरा खोल गेलं तर हेही दिसेल की न्हाणीघर घासायची पाळी फिरून फिरून एकाच मुलाकडे येते आणि ते कोणी मुद्दाम केलेलं नाही. आमच्या मंडळ्यांमध्ये जात उरलेली नाही असं म्हणणं खोटं आहे, लग्न जमवायची वेळ आली की ती दिसते. ज्या घरात न्हाणीघराची पाळी नीट लागत नाही, त्या घरातल्या माणसांनी वस्तीत जाऊन समानतेवर बोलू नये. म्हणून आठवड्याची घरबैठक टाळता न येणारी हवी, आणि घरखर्चाची पेटी अशा हातात हवी ज्याला आजवर पेटी कोणी दिली नाही. हे शिकून बाहेर पडलेला मुलगा पुढे बँकेत जाईल, शाळेत जाईल, संसार करेल. तिथे तो वेगळा वागेल, असा माझा भरवसा आहे.

आता बंगला का नको, ते सांगते.

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये इथे आले, त्यांनी शाळा काढली, गोंड लोकांची गाणी-कथा टिपल्या, दगडांचा अभ्यास केला, आणि 1863 मध्ये टाकळघाटची जुनी शिलावर्तुळं पाहून परतताना नाल्याच्या पुरात बुडून वारले. तो माणूस गावोगाव फिरणारा होता. त्यांच्यानंतर बऱ्याच ठिकाणी मिशनचं काम आवारात गोळा झालं: शाळा, दवाखाना, बंगला, आणि बाप्तिस्मा घेतलेल्यांची घरं, सगळं एका भिंतीच्या आत. त्याला कारणंही होती. नव्या ख्रिस्ती कुटुंबाला गावात पाणी मिळत नव्हतं, काम मिळत नव्हतं, आवारात निदान आसरा मिळाला. पण त्या भिंतीनं दोन्ही बाजूंचं नुकसान केलं. आतली माणसं शेजाऱ्यांपासून तुटली, आणि बाहेरच्यांच्या मनात आत काय चालतं याबद्दल संशय घर करून बसला. आज त्याच आवारात मुलं ठेवली तर ती सकाळी फाटकातून सेवेला निघतील आणि संध्याकाळी परत फाटकाच्या आत जातील. वस्तीसाठी ती बाहेरची माणसंच राहतील.

सरकारी मेडिकल कॉलेजच्या, म्हणजे आमच्या ‘मेडिकल’च्या, आजूबाजूची वस्ती मी मनात धरते, कारण तिथलं काम मला माहीत आहे. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत नागपूरचेच रुग्ण येतात असं नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, शिवाय बालाघाट, शिवनी, छिंदवाडा, बैतूल इथूनही माणसं येतात. डॉक्टर कमी पडतात हे खरं आहे, पण आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न त्याच्याही आधीचा असतो. “बाई, केसपेपर कुठं काढाचा थे सांगा पयले.” मग रक्त कुठे द्यायचं, रिपोर्ट कुठल्या खिडकीवर मिळतो, मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत बसायला रेशनकार्ड लागतं आणि ते तर गावी राहिलं, आधारवरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळत नाही. योजनेचे आरोग्यमित्र असतात, त्यांच्यापुढे रांग असते. सिकलसेल या रक्ताच्या आजाराची मुलं असतात, विदर्भात त्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांच्या आईबापांना दर वेळी नव्यानं सगळं सांगावं लागतं. संध्याकाळी सुट्टी मिळालेला म्हातारा गावाकडची शेवटची बस चुकली म्हणून व्हरांड्यातच झोपतो.

या कामाला वैद्यकीय पदवी लागत नाही. दोन भाषा लागतात, पायांत जोर लागतो, आणि रोज तिथे असणं लागतं. रात्री नऊ वाजता फोन आला तर दहा मिनिटांत चालत पोचता आलं पाहिजे. सिव्हिल लाइन्समधून हे होत नाही.

शिवाय वस्तीत राहिलं की नातं एकतर्फी राहत नाही. नळाला पाणी कधी येतं हे शेजारीण सांगते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा टिनाच्या छताखाली दुपार काय असते हे ऐकून कळत नाही, राहून कळतं. (कूलर मात्र घरात हवाच. साधेपणाच्या नावाखाली कोणाला उष्माघात झाला तर त्यात कसलंही अध्यात्म नाही.) शेजारच्या घरात तेरवी असेल तर बोलावणं येतं, आणि भीमजयंतीला मिरवणुकीत पाणी वाटायला हे घरही उभं राहतं.

घर मिळणं सोपं नाही, हे मान्य करायला हवं. मुलंमुली एका घरात, त्यात वेगवेगळ्या जातिधर्मांची, त्यात काही वशाट खाणारी, आणि भाडं भरणार चर्च. घरमालक चार प्रश्न विचारणार. मुलींसाठी वेगळी खोली, शक्य असेल तर शेजारचं वेगळं घर, आणि जेवण एकत्र, असा मार्ग निघू शकतो. घरमालकाला सगळं खरं सांगून मिळेल तेच घर घ्यावं.

इथूनच सगळ्यांत नाजूक मुद्द्यावर येते. चर्चची माणसं वस्तीत राहायला आली म्हटल्यावर पहिली शंका धर्मांतराची येणार, आणि नागपुरात ती जरा जास्तच येणार. 1954 मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारनं, ज्याची राजधानी नागपूर होती, नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी समिती नेमली. 1956 च्या अहवालानं शाळा आणि दवाखान्यांचा उपयोग धर्मांतरासाठी होत असल्याचा ठपका ठेवला. ख्रिस्ती समाजाला तो अहवाल अन्यायाचा वाटला आणि मलाही त्यातलं बरंचसं एकतर्फी वाटतं. त्याच 1956 मध्ये, 14 ऑक्टोबरला, याच शहरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. धर्म निवडणं हा माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे, हे नागपूरकराला कोणी शिकवायची गरज नाही. घटनेचं 25 वं कलम प्रचाराचा हक्कही देतं.

तरीही माझं ठाम म्हणणं आहे की या घरातल्या माणसांनी कामाच्या ठिकाणी प्रचार करू नये. पत्रक देऊ नये, रुग्णासाठी मोठ्यानं प्रार्थना करू नये, “येशूनं तुम्हाला बरं केलं” असं म्हणू नये. मला कायद्याची भीती वाटते म्हणून मी हे म्हणत नाही. खाटेवर पडलेला माणूस, किंवा ज्याच्या मुलाचा केसपेपर तुमच्या हातात आहे असा बाप, तुम्हाला नाही म्हणण्याच्या अवस्थेत नसतो. त्याच्या होकाराला किंमत नाही, आणि असा होकार ख्रिस्तालाही नको असेल असं मी माझ्या विश्वासानं सांगते. घरात सकाळ-संध्याकाळ उपासना व्हावी, गीतं गावीत, ज्याला बसायचं तो बसेल. ख्रिस्ती नसलेल्या तरुणांनाही या घरात जागा असावी आणि उपासनेची सक्ती कोणावर नसावी. दारावर मंडळीच्या नावाची पाटी मात्र असावी, स्पष्ट मराठीत. कोणाच्या पैशानं हे चालतं ते लपवू नये. चार वर्षं शेजारी नीट वागलेल्या घराची शेजारीच पाठराखण करतात.

विरोधकांपेक्षा मला आमच्याच लोकांची एक सवय जास्त भीतीदायक वाटते. पूर्णवेळ माणूस फुकट मिळतो म्हटलं की मंडळीच्या शाळेला शिक्षिका कमी असल्याचं आठवतं, दवाखान्याला रात्रपाळीची नर्स हवी असते, ऑफिसला टायपिंग करणारा हवा असतो. एक-दोन वर्षांत हे घर संस्थांसाठी बिनपगारी मनुष्यबळाचा साठा होऊन बसेल. यावर एकच कसोटी लावावी. ते माणूस उद्या आलं नाही तर संस्थेचं रोजचं काम बंद पडेल का? पडत असेल तर ती नोकरी आहे आणि तिला पगार दिलाच पाहिजे. जर्मनीच्या कायद्यात सरकारी ऐच्छिक सेवेसाठी स्पष्ट अट आहे की तिच्यामुळे नोकऱ्यांवर परिणाम होता कामा नये. आपल्याकडे काय होतं ते दर डिसेंबरात दिसतं. हिवाळी अधिवेशनाला आशा आणि अंगणवाडीच्या बायका यशवंत स्टेडियमवरून मोर्चा घेऊन निघतात. गावाचं अर्धं आरोग्य त्यांच्या खांद्यावर आहे, आणि त्यांना कर्मचारी न मानता मानधन दिलं जातं. ज्या अन्यायाविरुद्ध मंडळीनं त्यांच्याबरोबर चालायला हवं, तोच अन्याय तिनं छोट्या प्रमाणात आपल्या अंगणात करू नये.

मग पोरांना काय द्यायचं? इथे साध्या राहणीचा अर्थ नीट लावला पाहिजे. ज्या घरात बाप डॉक्टर आहे त्या मुलाला एक वर्ष बिनपैशानं राहणं परवडतं आणि त्याच्या बायोडेटावर ते शोभून दिसतं. ज्या मुलीच्या कमाईची घरी वाट पाहिली जाते, तिला सेवेची हाक कितीही मनापासून आली तरी ती येऊ शकत नाही. मग हे घर खात्यापित्या कुटुंबांच्या मुलांचं होतं, आणि जाटतरोडीची मुलगी फक्त सेवा घेणारी राहते. माझ्या हिशेबानं राहणं, जेवण, बसचा पास, आरोग्य विमा मंडळीनं द्यावा आणि वर महिन्याला किमान 6,000 रुपये हातात द्यावेत, ज्यांतले तिला घरी पाठवता येतील. अमेरिकेत अशा काही चर्च-संस्था ‘अमेरिकॉर्प्स’ या सरकारी योजनेशी जोडल्या गेल्या आणि सेवा पूर्ण केलेल्याला पुढच्या शिक्षणासाठी ठराविक रक्कम मिळाली. आपल्याकडे सरकार नाही देणार, पण मंडळी वर्षाअखेर एखाद्या अभ्यासक्रमाची फी भरू शकते. लॉनच्या भाड्यात हे बसतं.

शिकण्याची वेळही राखून ठेवावी लागेल. जर्मनीत सेवेच्या वर्षातले 25 दिवस चर्चासत्रांसाठी असतात. आपल्याकडे पंधरा दिवस ठेवले तरी चालेल, पण त्यांत कायदा, आरोग्य, जात आणि हिशेब हे चार विषय आलेच पाहिजेत.

मुलींच्या सुरक्षेबद्दल आईबाप वस्तीची भीती घालतात. माझा अनुभव वेगळा आहे. वस्तीत रात्री दहा वाजताही ओट्यावर बायका बसलेल्या असतात आणि कोण आलं कोण गेलं याची त्यांना खबर असते. धोका अधिक करून आतून असतो, अधिकार असलेल्या माणसाकडून, ज्याच्याविरुद्ध बोललं तर “आपल्या मंडळीची बदनामी होईल” असं सांगितलं जातं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा बिनपगारी, स्वेच्छेनं काम करणाऱ्या स्त्रियांनाही लागू आहे, हे आमच्या कित्येक पाळकांना ठाऊक नाही. दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार थेट जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. तिचा पत्ता आणि फोन नंबर घराच्या भिंतीवर पहिल्या दिवसापासून लावलेला असावा. आणि घराच्या देखरेखीला एकटा पाळक नको. मंडळीबाहेरची निदान एक बाई हवी.

एक वर्षात काय होणार, असा आक्षेप राहतो. त्यात तथ्य आहे. वस्तीनं आजवर पुष्कळ सर्वेक्षणं पाहिली, पुष्कळ फोटो काढून घेतले. दरवर्षी नवे चेहरे येऊन पुन्हा “तुमच्या समस्या काय” विचारणार असतील तर लोकांनी दार बंद करावं, मी त्यांच्या बाजूनं असेन. म्हणून निदान दोघांनी दुसरं वर्ष राहिलं पाहिजे, वहीत नोंदी पुढच्या तुकडीसाठी लिहिल्या गेल्या पाहिजेत, आणि घर तेच राहिलं पाहिजे. माणसं बदलली तरी पत्ता बदलू नये. जन्मभराचं व्रत घेणाऱ्या सिस्टर आणि फादर आमच्याकडे आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ज्यांना पुढे संसार करायचा आहे, नोकरी करायची आहे, अशांसाठी आज कुठलीच वाट नाही. नाताळला कैद्यांना केक वाटणं आणि संन्यास, या दोन टोकांच्या मध्ये काहीतरी हवं.

कमिटीपुढे आता राहतो तो कराराचा प्रश्न. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या 36 व्या कलमाप्रमाणे न्यासाची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. तेव्हा करार तीन वर्षांचाच करावा. रक्कम उघड निविदा मागवून ठरवावी, आणि भाडं कोणत्या खात्यात जमा होऊन कशावर खर्च होईल हे ठरावातच लिहून मंडळीच्या सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्यावं. तीन वर्षांत मुलामुलींच्या तीन तुकड्या होतात. चौथ्या वर्षाचा करार करण्याआधी कमिटीनं रामबागेत जाऊन शेजारपाजारच्या बायकांना विचारावं, की हे घर इथे राहावं का.